अक्कांच्या बोअरचं गोड पाणी

माझ्या सासूबाईंच्या बोअरच्या पाण्यात अख्ख्या गल्लीचे संडास उतरलेत, हे त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आली तेव्हा त्या त्याच पाण्याचं सार उकळत होत्या आणि मला वाटी भरून द्यायच्या बेतात होत्या. सुनेला सासूला सुनावावंसं वाटेल असं पुष्कळ काही असतं, त्यातलं बरंचसं मी मनात घोळवूनही ठेवलेलं होतं. हे मात्र त्यात नव्हतं.

सासूबाई देवनहळ्ळीत राहतात, किल्ल्याच्या मागच्या गल्लीत. माझं सासर म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि परत जायचं विसरलेलं घराणं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की निपाणीकडची असून, दोन्ही भाषा येत असून, लग्नानंतर मी बरेच दिवस गोंधळून जायची. ‘स्वल्प मीठ घाल, सरी, आता झाकण ठेव की,’ असं एका दमात यायचं, आणि सरी म्हणजे ‘ठीक आहे’ हे आपण समजून घ्यायचं. गल्ली त्यांना अक्का म्हणते, पोटचा मुलगा अक्का म्हणतो, म्हणून मीही अक्काच म्हणते.

सासऱ्यांना मी फोटोतच पाहिलंय. त्यांनी मागे ठेवलेली मोठी इस्टेट म्हणजे अंगणातली बोअर. आजूबाजूच्या बोअर आटल्या, कुणाच्या खाऱ्या निघाल्या, हिला मात्र बाराही महिने पाणी, आणि तेही गोड. अक्कांनी कंपाउंडच्या बाहेर एक नळ काढून दिला होता. संध्याकाळी तिथे गल्ली जमायची. विमानतळावर पाळीला जाणारी भाड्याच्या खोल्यांतली माणसं, किराणा दुकानदाराची बायको, समोरचे निवृत्त शाळामास्तर, सगळे कळशा आणि कॅन घेऊन उभे. अक्का फाटकाला टेकून कोण आलं, कोण नाही, कुणाच्या घरी पाहुणे आहेत, याची चौकशी करायच्या. पाणी फुकट होतं. चौकशीला मात्र सगळ्यांना तोंड द्यावं लागायचं.

आम्ही दोघं राहतो व्हाइटफील्डला. आमच्या सोसायटीत पाणी टँकरने येतं आणि ते कुठून येतं हे विचारणं असभ्य समजलं जातं. अक्का आमच्याकडे आल्या की स्वतःच्या पाण्याचा कॅन घेऊन यायच्या आणि आमच्या आरओच्या यंत्राकडे, पाहुण्याने घरातल्या आजारी कुत्र्याकडे बघावं तसं बघायच्या.

मी पाण्याच्या गुणवत्तेवर काम करणारी इंजिनिअर. आमची कचेरी सरकारसाठी आराखडे करते. तेव्हा हातात आलेलं काम असं होतं: पाण्यातल्या दूषित घटकांच्या मर्यादा कडक होणार, तर शहराने आणि भोवतालच्या गावांनी पाणी कुठून आणायचं, कुठलं बंद करायचं आणि कुठलं कशात मिसळायचं, हे ठरवून द्या. आतापर्यंतच्या पद्धतीत एक फार मोठी सोय होती. पुष्कळशा घटकांना एक मर्यादा असायची आणि तिच्या शेजारी दुसरी, जरा ढिली. दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर इथपर्यंत चालेल, असा तिचा अर्थ. आमच्याकडे दुसरं पाणी कधीच उपलब्ध नसायचं, त्यामुळे सगळंच चालायचं. आता ही ढिली बाजू काढून टाकायचं घाटत होतं आणि आम्हा सगळ्यांना, चड्डीची नाडी कुणीतरी करकचून आवळल्यासारखं झालं होतं.

आमचे साहेब धारवाडकडचे, पाणी खात्यातून निवृत्त होऊन इथे सल्लागार म्हणून आलेले. माझ्याशी कन्नडमध्ये बोलायचे. मराठी त्यांना समजायची, सोयीची असेल तेव्हा. पाण्यावरच्या बैठकीतसुद्धा ते घरून आणलेल्या स्टीलच्या बाटलीतलंच पाणी प्यायचे. टेबलावर मांडलेल्या बाटल्यांना हात लावायचे नाहीत. कुणीतरी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, “मी अख्खा जन्म पाणी खात्यात काढलाय.” पुढे कुणी विचारलं नाही.

आराखड्यासाठी बाहेरच्या भागातल्या बोअरचे नमुने घ्यायचे होते. जिथे लोक सार्वजनिक पाणी भरतात अशा जागा मुद्दाम निवडल्या होत्या. देवनहळ्ळीच्या निकालांवरून नजर फिरवताना एका ठिकाणी नायट्रेटचा आकडा मर्यादेच्या कुठल्या कुठे गेलेला दिसला आणि समोरचा पत्ता ओळखीचा वाटला. ओळखीचा असणारच. माझ्या लग्नपत्रिकेवर तो छापलेला होता.

मी पहिल्यांदा यंत्राला दोष दिला. मग नमुना घेणाऱ्याला. मग रविवारी स्वतः बाटली घेऊन गेले. अक्कांना म्हटलं, ऑफिसला तुमच्या पाण्याचा नमुना हवाय. त्यांनी मोठ्या अभिमानाने बाटली माझ्या हातातून घेऊन स्वतः विसळली, शिगोशिग भरली आणि म्हणाल्या, “बघू दे एकदा त्यांना. पाणी कसं असतं ते कळू दे.”

त्यांना कळलं. दुसरा निकाल पहिल्यापेक्षा वाईट होता.

नायट्रेट पाण्यात शेतातल्या खतातून येतं, नाहीतर माणसांच्या मैल्यातून. किल्ल्यामागच्या गल्लीत शेत म्हणावं तर कुंडीतली कोथिंबीर. ड्रेनेजची लाइन गावाच्या त्या बाजूला पोहोचलेलीच नव्हती. प्रत्येक घराचा संडास घरामागच्या शोषखड्ड्यात जात होता, आणि खड्ड्यातून जमिनीत. भाड्याच्या खोल्या वाढल्या तशी माणसं वाढली, आणि खड्डे मात्र तेवढेच राहिले.

नवऱ्याला सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. जगातली कुठलीही अडचण लेखी कळवली की ती दुसऱ्याची होते असा त्याचा अनुभव आहे.

“तिला मेसेज कर ना,” तो म्हणाला.

“तुझ्या आईला? संडासाबद्दल?”

“मग तू भेटून सांग. तुझा विषय आहे.”

“पाणी माझा विषय आहे. आई तुझी आहे.”

“पण तिच्या पोटातलं पाणी तुझ्या विषयात येतं की,” असं म्हणून त्याने गाडी मात्र काढली. देवनहळ्ळीला पोहोचल्यावर त्याला लगेच टायरमधली हवा तपासून आणायची आठवण झाली, आणि मी एकटी स्वयंपाकघरात गेले.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. गॅस बारीक केला आणि पहिला प्रश्न विचारला, “कुणाच्या संडासाचं?”

“सगळ्यांच्या. जमिनीत सगळं एकच होतं, अक्का.”

“मास्तरांच्या पण?”

“त्यांच्याही.”

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी चमकून गेलं. मास्तर गल्लीत सोवळ्याचे म्हणून प्रसिद्ध होते. मग त्या म्हणाल्या, “पण मी पाणी उकळते की.”

हेच मला सांगायचं नव्हतं. “उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं आणि हे तेवढंच मागे राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं.”

अक्कांनी उकळत्या साराकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “गोड लागतं पण.”

“चवीला कळत नाही.”

“तुझं मशीन चुकलं असेल.”

“दोनदा तपासलं.”

“दोन्हीदा चुकलं असेल की.”

त्यांनी साराचं पातेलं उतरवलं, त्यावर ताट झाकलं आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, “कुणाला बाधतं हे? मला तर काही झालं नाही.”

“जास्त करून तान्ह्या बाळांना. बाटलीचं दूध या पाण्यात कालवलं तर रक्तात प्राणवायू नीट पोहोचत नाही. बाळ निळं पडतं.”

त्या वळल्या. भाड्याच्या खोल्यांत एक जोडपं राहत होतं, विमानतळावर सामान चढवण्याच्या कामावर नवरा आणि घरी दिवस भरत आलेली बायको. तिला खाली वाकवत नाही म्हणून तिची कळशी रोज अक्काच भरून ठेवायच्या. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. दोघींपैकी कुणीच तिचं नाव काढलं नाही. सार आम्ही मोरीत ओतून दिलं. नवरा हवा भरून आला तेव्हा त्याला दही-भात मिळाला, आणि त्याने कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी बाहेरच्या नळाची तोटी काढून टाकली आणि तिथे कापडाचा बोळा कोंबून वरून प्लॅस्टिक बांधलं. संध्याकाळी गल्ली कळशा घेऊन आली. मी तेव्हा तिथे नव्हते, पण किराणावाल्याची बायको, मास्तर आणि खुद्द अक्का अशा तिघांकडून मला ती संध्याकाळ वेगवेगळी ऐकायला मिळाली आहे. एका मुद्द्यावर तिघांचं एकमत आहे: अक्का कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, “ह्या पाण्यात तुमचे संडास आहेत. पिऊ नका.”

यावर गल्लीची प्रतिक्रिया चांगली नव्हती. दुकानदाराच्या बायकोला वाटलं, म्हातारीला पाणी देणं जड झालंय आणि नाही म्हणायची ही जगावेगळी तऱ्हा आहे. कुणी म्हणालं, सून सरकारात आहे, बोअर लेआउट पाडणाऱ्या बिल्डरला देणार असतील. मास्तर सर्वांत जास्त दुखावले.

“अक्का, आमच्या घरात पाणी घेतल्याशिवाय कुणी तिकडे जात नाही,” ते म्हणाले.

“मास्तरे, ते पाणी पण तिथंच जातं की,” अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी बोलणं टाकलं. त्यांच्यामागोमाग निम्म्या गल्लीने टाकलं. अक्का संध्याकाळी सवयीने फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि समोरून कुणी आलंच तर ते मोबाइलमध्ये बघत निघून जायचं. फोनवर मला त्या म्हणायच्या, “तुझ्या नायट्रेटने माझी गल्ली खाल्ली.” एकदा हे म्हणून झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. त्या रडत नव्हत्या. पण बोलायला कुणी नसलं की माणूस फोन ठेवायला तयार नसतो, तशा त्या नुसत्या फोनवर होत्या. मी दर शनिवारी जायला लागले. गाडीत आरओच्या पाण्याचे कॅन असायचे. त्यातला एक कॅन त्या गपचूप खोल्यांतल्या त्या मुलीकडे पोहोचवायच्या. ती मात्र त्यांच्याशी पहिल्यासारखीच बोलत होती.

तेवढ्यात आराखड्याचा मसुदा तयार झाला आणि लोकांची मतं ऐकायला देवनहळ्ळीतल्या एका कल्याण मंटपात सभा ठेवली गेली. सभेला गर्दी होती. नंतर उप्पीट आणि केसरीभात आहे हे आधीच पसरलं होतं. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाच्या कमानी तशाच होत्या, आणि वधूवरांच्या मखमली खुर्च्यांपैकी एकीवर आमचे साहेब बसले होते. दुसरीवर मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

साहेबांनी आराखडा समजावून सांगितला. मर्यादा ओलांडणाऱ्या बोअर पिण्यासाठी ताबडतोब बंद. नदीचं पाणी मोठ्या पाइपने येणार, त्याला काही वर्षं लागतील. ड्रेनेज त्याच्यानंतर. मधल्या काळासाठी पडद्यावर एकच ओळ होती: ‘पर्यायी व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी.’ या ओळीवर आमच्या कचेरीत बरीच भांडणं झाली होती. ती बदलून काहीतरी ठोस लिहा असं मी म्हणत होते, साहेबही म्हणत होते, पण वरून प्रत्येक वेळी तीच ओळ परत यायची. मधला काळ कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नव्हता.

मग प्रश्न विचारायला सांगितलं. मागून अक्का उठल्या. त्या येणार आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गल्ली दोन रांगा सोडून पुढे बसली होती.

“माझी बोअर बंद,” त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. “मीच बंद केली, तुमच्या आधी. आता पाइप येईपर्यंत काय प्यायचं?”

“टँकरची व्यवस्था होईल, अम्मा,” साहेब म्हणाले.

“टँकर कुठे भरणार?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “जवळपासच्या बोअरवर.”

“ती तपासली?”

“टँकरच्या बोअर या आराखड्यात येत नाहीत.”

“म्हणजे माझं वाईट पाणी बंद करून मला दुसऱ्याचं वाईट पाणी गाडीतून आणून देणार. आणि घाण खाली जायची ती जातच राहणार, कारण ड्रेनेज सगळ्यात शेवटी. सरी. एवढं विचारायचं होतं.” आणि त्या खाली बसल्या.

सभागृहात कुजबुज झाली. मला वाटलं आता गल्ली हसेल. त्याऐवजी मास्तर उठले. जन्मभर फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाचा आवाज त्यांना होता. “ह्या बाईंशी मी बोलत नाही,” ते म्हणाले, “पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर लिहून घेतल्याशिवाय आम्ही इथून जाणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. उप्पिटाच्या पातेल्याचं झाकण उघडलेलं असूनही कुणी उठलं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते लक्षात यावं.

साहेबांनी शांतपणे माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “हा आक्षेप सभेच्या वृत्तान्तात घ्यावा लागेल. लोकांनी एकमताने घेतलेला आक्षेप असला की आराखड्यात बदल करावाच लागतो. आमच्या हातात काही राहत नाही.” हे बोलताना त्यांचा चेहरा शोकसभेतल्यासारखा होता.

परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, “त्या तुझ्या सासूबाई ना? तू पढवून आणलं होतंस?”

“नाही, सर. मला माहीतच नव्हतं.”

“वाईट वाटलं,” ते म्हणाले. “मी हाच प्रश्न विचारायला माझ्या मेहुण्याला आणून बसवलं होतं. तिसऱ्या रांगेत. त्याने उठायच्या आत तुझ्या सासूबाई उठल्या. आता तो म्हणतोय, उगाच इतक्या लांब आणलं.”

बदल झाले. सगळे नाही, पण झाले. टँकरच्या बोअर तपासणीत आल्या आणि त्यातल्या काही बंद पडल्या, त्यामुळे टँकरवाले आमच्या कचेरीला अजून शिव्या घालतात. गल्लीच्या तोंडाशी नाणं टाकून कॅन भरायची शुद्ध पाण्याची खोली उभी राहिली. आणि किल्ल्यामागच्या भागाची ड्रेनेज लाइन शेवटून उचलून पुढे आणली.

ती खणायला माणसं आली तेव्हा प्रत्येक घराचा खड्डा शोधून जोडायचा होता. अक्कांच्या घरी खड्डा सापडेना. मागच्या बाजूला खणलं, नाही. बाजूला खणलं, नाही. शेवटी सापडला तो अंगणात, तुळशीच्या मागे, बोअरपासून अक्षरशः चार हातांवर. सासऱ्यांनी घर बांधताना एकाच मजुराकडून, एकाच खर्चात, दोन्ही कामं शेजारीशेजारी उरकून घेतली होती. वरची घाण आत झिरपू नये म्हणून बोअरमध्ये घालतात तो केसिंग पाइपही बचतीचाच होता, वरचा थर पुरता ओलांडायच्या आत संपलेला. गल्लीचं थोडंफार असेलही त्या पाण्यात. पण बहुतेक सगळं घरचंच होतं.

मी तिथे उभी होते. नवऱ्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “अप्पा म्हणजे...” आणि थांबला.

अक्का बराच वेळ खड्ड्याकडे आणि बोअरकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, फाटक उघडलं आणि सरळ समोर मास्तरांच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे धावले.

“मास्तरे,” त्या म्हणाल्या, “तुमचं नव्हतं. आमचंच होतं. यांनी खड्डा बोअरच्या शेजारी काढला होता. एवढी वर्षं मी तुम्हाला आमच्याच घरचं पाजलं.”

मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. मला भीती वाटली की आता त्यांना ओकारी येईल किंवा ते काहीतरी भयंकर बोलतील. ते म्हणाले, “तुमचे यजमान कंजूष होते, हे मी तेव्हाच म्हणालो होतो.”

“होते की,” अक्का म्हणाल्या.

“आत या. कॉफी केलीय. नाण्याच्या खोलीतलंच पाणी आहे, घाबरू नका.”

अक्का आत गेल्या. मला कुणी बोलावलं नाही, म्हणून मी परत येऊन खड्ड्याचे फोटो काढले. ते आराखड्याच्या जोडपत्रात आहेत, पत्ता वगळून.

खोल्यांतल्या त्या मुलीला मुलगा झाला. तो आता रांगतो आणि दिसेल ते तोंडात घालतो. त्याच्या पोटात काय काय जातं त्यापुढे आमच्या मर्यादा फिक्या आहेत. नदीचं पाणी अजून आलेलं नाही, पाइप महामार्गापर्यंत येऊन थांबलाय. आणि अक्का आता पाण्यावरच्या सगळ्या सभांना जातात, आपल्या भागाची नसली तरी. मागच्या महिन्यात त्या बस बदलत बदलत बोम्मसंद्र्याला जाऊन आल्या. तिथल्या कारखान्यांच्या सांडपाण्याशी आमच्या घराचा काडीचा संबंध नाही. बरोबर मास्तर होते. परत आल्यावर मी विचारलं, कशी झाली सभा.

“बरी झाली,” त्या म्हणाल्या. “उप्पीट कोरडं होतं. मी तेही वृत्तान्तात घ्यायला लावलं.”